सावलीच्या वाटेने

एकदा एका भांड्यांच्या व्यापाऱ्याच्या मुलीने उडायला शिकायचे ठरवले.

व्यापारी बाजारपेठेतला जुना माणूस होता. लग्नाची भांडी घ्यायची तर त्याच्याच दुकानात, असे आसपासच्या गावांत ठरून गेलेले होते. विकलेल्या भांड्यावर नाव घालायचे काम मात्र तो नोकरावर सोपवत नसे. दुकानाच्या कोपऱ्यात बसून, चष्मा नाकाच्या टोकावर आणून, तो स्वतःच्या हाताने नाव आणि तारीख कोरून देई. उंचीची मात्र त्याला फार धास्ती. वरच्या फळीवरचा हंडा काढायचा झाला तरी शिडीवर दुसऱ्याला चढवी आणि आपण खाली उभा राहून डोळे मिटून घेई. अशा माणसाच्या मुलीने, मैथिलीने, रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेतली चांगली नोकरी सोडून पाठीवर इंजिन बांधून आकाशात जायचे म्हटले, तेव्हा त्या घरात काय झाले असेल याची कल्पना करावी.

"त्याला पॅरामोटर म्हणतात, बाबा," मैथिलीने समजावून सांगितले. "डोक्यावर कापडाचा मोठा पंख, पाठीवर इंजिन आणि त्याला पंखा. माणूस थोडं धावतो आणि वर जातो."

"आणि खाली?"

"खालीही येतो की."

"कसा, ते विचारतोय मी."

मैथिली हसली. बाबांच्या भित्रेपणाची घरात सगळ्यांना सवय होती. व्यापारी मात्र हसला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "एक हंगाम जा. पावसाळा लागला की परत यायचं आणि पुन्हा प्रयोगशाळेत जायचं." त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही. मुलीचा फोन आला की जेवलीस का, एवढेच विचारी.

मैथिली जिथे गेली, ती शाळा म्हणजे एका गावाबाहेरचा उघडा माळ होता. एका टोकाला पत्र्याची शेड, तिच्यासमोर काठीला बांधलेली वाऱ्याची पिशवी, आणि माळाच्या मधोमध फक्कीने आखलेले पांढरे वर्तुळ. माळाच्या एका अंगाला तलाव, त्यापलीकडे ऊस आणि द्राक्षबागा, आणि दूर एक बोडकी टेकडी. शिकवणारे एक वृद्ध गृहस्थ होते. सारे आयुष्य त्यांनी वाऱ्याशी दोस्ती करण्यात घालवले होते. विद्यार्थी त्यांना नाना म्हणत.

नानांची शिकवण सावकाश चाले. पहिले कितीतरी दिवस कोणाच्याही पाठीवर इंजिन चढत नसे. जमिनीवर उभे राहून वाऱ्यात तो पंख डोक्यावर तोलून धरायचा, बस्स. पंख कधी डावीकडे लवंडे, कधी माणसालाच फरपटत नेई. मैथिलीचे गुडघे सोलून निघाले. मग इंजिनाचे ओझे पाठीवर घेऊन धावायचे, पट्टे तपासायचे, इंधन तपासायचे, पंख्याची पाती हाताने चाचपायची. मग एके दिवशी सकाळी तिच्या पायांखालची जमीन निघून गेली, आणि शिरस्त्राणातल्या छोट्या यंत्रातून नानांचा शांत आवाज कानात आला, "छान. आता डावीकडे वळ."

त्या आवाजाच्या सोबतीने मैथिली कितीतरी वेळा उडाली. नाना फार बोलत नसत. पण एक गोष्ट मात्र ते प्रत्येक उड्डाणात, कधीही, अचानक विचारत.

"आत्ता कुठे?"

म्हणजे, या क्षणी इंजिन बंद पडले तर कुठे उतरशील? मैथिली खाली बघून चटकन सांगे, "नांगरलेलं शेत, उजव्या हाताला." नाना म्हणत, "ठीक." थोड्या वेळाने पुन्हा, "आत्ता कुठे?" रात्रीच्या जेवणात मुले एकमेकांना चिडवत. कोणाचा भाकरीचा तुकडा आमटीत पडला की दुसरा विचारी, "आत्ता कुठे?" आणि सगळी शेड हसे. नानाही हसत.

हंगाम सरत आला. किनाऱ्यावरच्या एका साहस केंद्राने मैथिलीला सांगून ठेवले होते की एकटीने उडण्याचा दाखला घेऊन आलीस तर तुला पायलट म्हणून घेऊ, मात्र पावसाळ्याआधीच कळव. दाखला मिळाला नाही तर पुढच्या हंगामापर्यंत शाळा बंद. आणि पुढचा हंगाम तिला घरून मिळालेला नव्हता. सगळे त्या एका शेवटच्या उड्डाणावर येऊन ठेपले होते.

त्या उड्डाणासाठी नानांनी तिला मार्ग आखून दिला नाही. ते कोणालाच देत नसत. एवढेच म्हणाले, "त्या टेकडीला वळसा घाल आणि परत ये. माळावर आलीस की इंजिन बंद करून उतर. मी काही बोलणार नाही. अगदीच गरज पडली तरच बोलेन."

आदल्या संध्याकाळी काखेत पिशवी मारून व्यापारी एसटीतून उतरला. मुलीने फोनवर फक्त उड्डाणाचा दिवस सांगितला होता; तिने न बोलावताच बाप आला होता.

"बाबा! तुम्ही?"

"दुकानाला सुट्टी होती," तो म्हणाला. ती खोटी होती, हे दोघांनाही ठाऊक होते. "पण एक सांगतो. तू धावत सुटतेस ते मला बघवणार नाही. मी पलीकडे तलावाच्या बंधाऱ्यावर जाऊन बसतो. तू वर गेलीस की मग बघतो."

सकाळी वारा मंद होता. मैथिलीने सगळे पट्टे तपासले, इंधन पाहिले, पंख डोक्यावर घेतला, धावली, आणि उडाली. टेकडीला वळसा घालताना तिचे मन निश्चिंत होते. कानात नानांचा आवाज नव्हता. म्हणजे सगळे बरोबर चालले आहे, असे तिने मानले. परतीच्या वाटेवर तलावाच्या कडेला बंधाऱ्यावर तिला एक पांढरा ठिपका दिसला. बाबा. तोंड वर करून बसलेले!

तिला भरून आले. हंगामभर ज्या माणसाने उडण्याविषयी एक शब्द विचारला नव्हता, तो आज वर पाहत होता. तिने उंची कमी केली. द्राक्षबागांवरून, उसावरून ती खाली खाली येत गेली आणि तलावाच्या मधोमध, पाण्याला लागून म्हणावे इतक्या खालून सरळ बाबांच्या दिशेने निघाली. तिची सावली पाण्यावरून पुढे धावत होती. व्यापारी उभा राहिला. त्याने भीतभीत एक हात हलवला, मग दोन्ही. मैथिलीने त्याच्या डोक्यावरून वळण घेतले, माळावर आली, इंजिन बंद केले आणि फक्कीच्या वर्तुळाच्या बरोबर मधोमध दोन पायांवर उतरली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. व्यापारी बंधाऱ्यावरून धापा टाकत आला. येता येताच त्याने पिशवीत हात घातला होता.

नानांनी मैथिलीच्या पाठीवरचे इंजिन उतरवायला मदत केली. तिला पाणी दिले. मग म्हणाले, "पोरी, आज दाखला देता येणार नाही."

टाळ्या वाजवणारे हात तसेच राहिले.

"का, नाना?"

"आज तुझी सावली जिथून जिथून गेली, त्या वाटेने चालत जाऊन ये. टेकडीपासून इथवर. मग बोलू."

मैथिली शिरस्त्राणाचा पट्टा सोडू लागली. बोलला तो व्यापारी, आणि तो सहसा कोणावर आवाज चढवणारा माणूस नव्हता.

"अहो, बरोब्बर गोलात उतरली माझी मुलगी! मी डोळ्यांनी पाहिलं. याहून आणखी काय हवं तुम्हाला? आणि आता उन्हातान्हात पायी हिंडवता तिला? ही कसली परीक्षा?"

"शेठ," नाना हात जोडून म्हणाले, "रागावणं बरोबर आहे तुमचं. एक विनंती करू? तुम्हीही तिच्यासोबत जा."

वर जाऊन आलेल्या माणसाला खालून चालायला लावण्यात काय अर्थ, ते कोणालाच कळले नाही. विद्यार्थी एकमेकांकडे पाहू लागले. मैथिलीने डोळे पुसले, पायांतले बूट घट्ट बांधले आणि निघाली. मागोमाग टोपी घालून, पिशवी सावरत व्यापारी.

गाडीवाटेने टेकडी गाठून, तिच्या पायथ्यापासून दोघे परत फिरले. सुरुवातीला पडीक जमीन होती, मग काढणी झालेली शेते. चालायला सोपे होते. व्यापारी वाटभर कुरकुरत होता. "गुणी माणूस वाटला होता. मुलांना नाचवायची हौस दिसते." मैथिली पुढे पुढे चालत होती.

मग द्राक्षबाग आली. वरून पाहताना ती तिला हिरव्या सतरंजीसारखी दिसली होती. आता आत शिरायला वाट सापडेना. लोखंडी अँगल रांगेने रोवलेले, त्यांवर ताणून बसवलेल्या तारा, तारांवर वेली. व्यापाऱ्याने सवयीने एका अँगलवर टिचकी मारली. ठण्ण असा आवाज आला.

बागेत काम करणारी एक बाई वाकून त्यांच्याकडे बघत होती. मैथिलीच्या अंगावरचे कपडे पाहून तिने ओळखले.

"सकाळची छत्रीवाली तुम्हीच व्हय?"

"हो, मीच."

"लई खालनं गेलासा. आमची पोरं नाचाय लागली बघा." मग हसून म्हणाली, "पण बाई, खाली नका येऊ हं हितं. मांडव मोडंल आमचा, आन् तुमची हाडं."

बाईने ते गमतीने म्हटले होते. मैथिलीला हसू आले नाही. तिने त्या तारांकडे पाहिले, मग वर आकाशाकडे, आपण होतो त्या जागेकडे. व्यापारी तिच्याकडे पाहत होता. त्याची कुरकुर तिथे थांबली.

"इथे उतरता येतं का गं?" त्याने हळूच विचारले.

"नाही, बाबा."

पुढे ऊस होता. मैथिलीला तो वरून गवताच्या कुरणासारखा वाटला होता. प्रत्यक्षात तो तिच्या डोक्याहून कितीतरी उंच होता. बांधावरून अंग चोरून जाताना पात्यांनी दोघांच्या हातांवर ओरखडे उठले.

"आणि इथे?"

"इथे मला वाटलं होतं की येतं."

मग तलाव आला. सावली तर सरळ पाण्यावरून गेली होती. चालणाऱ्याला तिथे वाटच नव्हती. काठ चिखलाचा, त्यात बाभळीची काटेरी झुडपे, पाण्यात जुन्या बुडालेल्या झाडांची वर आलेली काळी खोडे. पलीकडे तो बंधारा, जिथे सकाळी बाबा दोन्ही हात हलवत उभे होते.

मैथिली काठावर बसली. इथे पडली असती तर पाठीवर तेवढे ओझे, अंगाला आवळलेले पट्टे, वरून पडणारा भिजलेला पंख आणि त्याच्या असंख्य दोऱ्या. उंचावर असती तर निदान तरंगत काठ तरी गाठता आला असता. ती तर पाण्यालगत होती.

आणि मग, कानात कुठलेही यंत्र नसताना, तिला तो प्रश्न ऐकू आला. आत्ता कुठे?

तिच्याजवळ उत्तर नव्हते.

व्यापारी तिच्या शेजारी टेकला. मग म्हणाला, "मी सकाळी नुसता तुझ्याकडेच बघत होतो गं. किती आनंदात होतो. खाली काय आहे, ते माझ्या ध्यानातच आलं नाही." तो तिच्याकडे वळला. "तू माझ्यासाठी आलीस ना या वाटेने?"

मैथिलीने होकाराची मान हलवली. व्यापाऱ्याने तिच्या हातावरचा ओरखडा आपल्या अंगठ्याने पुसला. तलावाला लांबचा वळसा घालून दोघे दुपार कलताना माळावर परतले.

नानांनी चहा टाकला होता. त्यांनी काही विचारले नाही. मैथिलीच बोलली.

"नाना, तलावावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बागेवर नव्हतं. उसावर होतं, पण चुकीचं होतं."

नानांनी दोघांना चहा दिला आणि समोर बसले.

"पोरी, आज इंजिन थांबलं नाही, हा त्या इंजिनाचा चांगुलपणा. त्याचे गुण तुझ्या नावावर कसे मांडू? ते चालत होतं तोवर तू उत्तम उडालीस. पण चालू इंजिन तर कोणालाही वर ठेवतं. ते थांबेल त्या क्षणासाठी माणूस लागतो. दाखला त्या माणसाला द्यायचा असतो. आणखी एक. इतके दिवस मी विचारत होतो आणि तू उत्तर देत होतीस. तुझी उत्तरं बरोबर असायची, पण प्रश्न माझा होता. आज मी गप्प राहिलो, तर प्रश्नही गप्प राहिला. एकटीने उडायचं म्हणजे सोबत कोणी नाही, एवढंच नसतं. सोबतीला तो प्रश्न आपला आपणच न्यायचा असतो. आणि ज्या दिवशी मन फार भरून आलेलं असेल, त्या दिवशी तर तो आधी न्यायचा."

व्यापाऱ्याने कपबशी खाली ठेवली. "मग हे सकाळीच सांगायचं होतंत. चारचौघांत पोरीचा चेहरा एवढासा झाला."

"सांगितलं असतं, शेठ, तर तो प्रश्न पुन्हा माझाच झाला असता."

व्यापाऱ्याने कपबशी पुन्हा उचलली. दोन घोट घेऊन म्हणाला, "ही घरी पहिल्यांदा सांगत होती तेव्हा मी हेच विचारलं होतं. खाली कसा येतो, म्हणून. हसली माझ्यावर."

"बाबा!"

"हसलीस की नाही?"

मैथिली त्या दिवसात पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता तिला रडू आले.

"उद्या वारा असेल तर पुन्हा जा," नाना म्हणाले. "नसेल, तर नाही. ते आपल्या हातात नाही."

दुसऱ्या सकाळी वारा होता. व्यापारी या वेळी बंधाऱ्यावर गेला नाही. माळाच्या कडेला, पत्र्याच्या शेडचा खांब घट्ट धरून उभा राहिला आणि मुलगी धावताना त्याने डोळे उघडे ठेवले.

मैथिली उडाली. लांबून पाहणाऱ्याला तिचे ते उड्डाण वेडेवाकडे वाटले असते. ती पडीक जमिनीच्या वरून गेली, बागांना बाजूला ठेवून वळली, ऊस आला तेव्हा आधीच पुरेशी उंची घेऊन ठेवली. तलावाला तिने काठाकाठाने पुरा वळसा घातला, आदल्या दिवशी पायांनी घातला होता तसा. वाटेत ती एकटीच मोठ्याने बोलत होती. इंजिनाच्या आवाजात ते तिलाही ऐकू येत नव्हते. आत्ता कुठे? नांगरलेलं शेत. आत्ता कुठे? बांधापलीकडचा पडीक तुकडा. आत्ता कुठे?

माळाजवळ येता येता वाऱ्याच्या पिशवीने तोंड फिरवले. वारा बदलला होता. वर्तुळात उतरायचे तर आता शेडवरून अगदी खालून यावे लागले असते. मैथिलीने वर्तुळाकडे पाहिले, मग त्याच्या अलीकडच्या मोकळ्या नांगरटीकडे. तिने इंजिन बंद केले. एकाएकी सगळीकडे शांतता झाली. त्या शांततेत तिला वाऱ्याचा हलका आवाज आणि कुठेतरी शेळीच्या गळ्यातली घंटा ऐकू आली. ती वर्तुळापासून बरीच दूर, ढेकळांत, दोन पावले अडखळत उतरली.

या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. विद्यार्थी नानांच्या तोंडाकडे बघत होते. नाना ढेकळे तुडवत तिच्यापर्यंत गेले. वर्तुळाकडे त्यांनी नजरही टाकली नाही.

"काय म्हणत होता तो, वाटेत?" त्यांनी विचारले.

"कोण?"

"प्रश्न."

"गप्प बसेना, नाना."

"मग ठीक," नाना म्हणाले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. दाखल्यावर त्यांनी तिथेच, इंजिनावर कागद ठेवून, सही केली.

व्यापाऱ्याला आता पिशवी उघडायची होती, पण तो घुटमळत होता. शेवटी त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेली वस्तू काढली. पितळेचे एक फुलपात्र. त्यावर त्याच्या वळणदार हाताने कोरलेले होते, 'मैथिली. पायलट.' आणि खाली तारीख.

"घाई झाली माझी," तो ओशाळून म्हणाला. "दुकानातून निघतानाच नाव घातलं. तारीख कालची पडली. त्या दिवशी तर तुला दाखला मिळालाच नाही. आण इकडे, गेल्यावर घासून काढतो आणि आजची घालतो."

मैथिलीने फुलपात्र हातात घेतले. त्या अक्षरांवरून बोट फिरवले. तिच्या मनगटावर उसाच्या पात्याचा ओरखडा अजून ताजा होता.

"राहू द्या, बाबा," ती म्हणाली. "तारीख बरोबर आहे."

व्यापाऱ्याची नजर तलावाकडे गेली, पलीकडच्या उसाकडे, द्राक्षबागेकडे, जिथून काल ते दोघे चालत आले होते. त्याने हळूच मान डोलावली आणि रिकामे वर्तमानपत्र घडी करून पिशवीत ठेवले. नानांनी शेडमधल्या माठातले पाणी त्या फुलपात्रात ओतले आणि तिच्यापुढे धरले.

आपल्यालाही वर धरून ठेवणारे काही ना काही चालूच असते. ते सुरळीत चालले असतानाच, कोणी विचारण्याआधी, एकदा खाली पाहून घ्यावे.